वीरगळांच्या नोंदीसाठी कॅमेरा संच: ४५,००० रुपयांतली निवड, खरेदी आणि चाचण्या

३ ऑगस्ट २०२४

काम: गावोगावचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा), सतीशिळा, गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेल्या शिळा) आणि छोटे शिलालेख यांची छायाचित्र-नोंद. पावसाळा संपला की फिरती सुरू. हाताशी एकूण ४५,००० रुपये. कॅमेरा वापरणारे सगळे नवखे, म्हणून संच असा हवा की एका रविवारी शिकवता येईल.

फोनवरच भागवावे का, हा प्रश्न आधी निकाली काढला. स्थाननोंद आणि झटपट टिपणासाठी फोन उत्तम. पण दगडावरचे उठाव दिसतात ते सावलीमुळे, आणि फोनचे सॉफ्टवेअर नेमक्या त्याच सावल्या उजळवून टाकते. बाजूने टॉर्च मारूनही चित्र सपाट येते. जिथे अक्षर झिजले आहे तिथे सॉफ्टवेअरने कडा 'सुधारली' की वाचन चुकते. त्यामुळे रॉ फाइल (सॉफ्टवेअरने न 'सुधारलेली' मूळ नोंद) देणारा आणि सगळे हाताने ठरवू देणारा कॅमेरा लागणारच.

पहिल्या मांडणीत ३५,००० बॉडी-लेन्सला आणि उरलेले 'इतर' म्हणून धरले होते. ती मांडणी रद्द. दगड जागचा हलत नाही, ट्रायपॉड लावता येतो, म्हणून जास्त आयएसओ (कमी उजेडात लागणारी संवेदनशीलता), वेगवान फोकस, सेकंदाला दहा फ्रेम यांतल्या कशाचाही उपयोग नाही. पैसा आधी प्रकाशाला, मग ट्रायपॉडला, मग लेन्सला आणि शेवटी बॉडीला.

४ ऑगस्ट

लेन्स किती मिलिमीटरची (म्हणजे किती फोकल लांबीची) हवी, हे दुकानात नाही तर टेपने ठरते. या वर्गातल्या कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो; निकॉन-सोनीचा २३.५ × १५.६ मिमी. शिळेची उंची १.८ मीटर, वर-खाली थोडी मोकळी जागा सोडून फ्रेम २ मीटरची. कॅमेरा उभा धरला तर लागणारे अंतर = फ्रेमची उंची × फोकल लांबी ÷ २३.५.

१८ मिमीला १.५ मीटर, २८ ला २.४, ३५ ला ३, ५० ला ४.३ मीटर.

वीरगळ बहुतेक वेळा देवळाच्या भिंतीला टेकून, पाराला लागून किंवा बाभळीच्या काट्यांत उभे असतात. समोर तीन मीटर मिळतात, चार क्वचितच. म्हणजे सगळे जण पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स) म्हणून सुचवतात ती ५० मिमी इथे गैरसोयीची. ३५ चालेल. १८ वर काढले तर शिळेच्या सरळ कडा पिंपासारख्या फुगतात, म्हणून किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी १८–५५ झूम) २८ च्या खाली आणायची नाही. जागाच नसेल तर गोष्ट वेगळी.

तपशिलाचा हिशेब: २ मीटरवर ६,००० पिक्सेल म्हणजे मिलिमीटरला ३. अक्षराची रेघ ४–५ मिमी रुंद असेल तर तिला १२ ते १५ पिक्सेल मिळतात. पूर्ण शिळेच्या चित्रातूनही अक्षर ओळखता येते, मग वाचनासाठी जवळचे फोटो वेगळे घ्यायचेच. २४ मेगापिक्सेल पुरेसे आहेत, जास्त मागायचे कारण नाही.

१० ऑगस्ट

बॉडींची छाननी. नवीन मिररलेस (कॅनन आर५० वगैरे) किट लेन्ससकट बजेटच्या बाहेर. कॅनन एम५० सेकंडहँड मिळतो, पण त्याचा ईएफ-एम माउंट (लेन्स बसवायची जोडणी) कॅननने बंद केला. लेन्स पुढे जुन्या बाजारातच शोधाव्या लागणार. सोनी ए६००० चांगला, फक्त बॅटरी लहान आणि जुन्या बाजारातही लेन्स महाग. उरले जुने डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे), आणि आपल्या कामाला तेच सोयीचे.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून चालवायचा आहे, त्यामुळे हॉट शू (कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) बघणे सगळ्यात महत्त्वाचे ठरले. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ यांच्या हॉट शूवर मधली गोल पिन नाही. साधे एका पिनचे फ्लॅश आणि साधे ट्रिगर (दूरच्या फ्लॅशला इशारा देणारे यंत्र) त्यांच्यावर चालतच नाहीत. वेबसाइटवरच्या वैशिष्ट्यांच्या यादीत 'हॉट शू: आहे' एवढेच दिसते. जुना २००डी (२०१७) मात्र पिनसकट येतो. कॅनन घ्यायचा तर तोच, २४ मिमी एफ/२.८ एसटीएम लेन्ससोबत (एफचा आकडा लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे).

निकॉनकडे दुसरा सापळा. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकस मोटर नाही. 'एएफ' लिहिलेली जुनी ५० मिमी एफ/१.८डी स्वस्तात मिळते, पण या बॉडीवर फोकस हातानेच करावा लागतो. लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' हवे. त्यातही एएफ-पी लेन्स डी३१००, डी५१०० यांसारख्या बॉडींवर फोकसच करत नाही (हातानेसुद्धा नाही, कारण रिंगसुद्धा विजेवर चालते), आणि डी३३००, डी५३००, डी५५०० यांचे फर्मवेअर (कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत करावे लागते. डी३४०० आणि डी३५०० मध्ये सेन्सर हलवून धूळ झटकायची सोय काढून टाकली आहे. धुळीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांना ही काटकसर परवडणार नाही.

कौल निकॉन डी५३०० ला. २०१३ चा कॅमेरा, २४.२ मेगापिक्सेल, फिरणारा स्क्रीन (जमिनीत अर्धी पुरलेली शिळा असली की चिखलात झोपावे लागत नाही), १४ बिट रॉ, आणि आतच जीपीएस. पुढच्या डी५५०० आणि डी५६०० मधून जीपीएस काढले. नोंदीच्या कामात प्रत्येक फाइलमध्ये अक्षांश-रेखांश आपोआप बसणे म्हणजे वहीतली निम्मी चूक टळणे. नवे मॉडेल म्हणजे सरस, असे धरले असते तर हे हुकले असते.

१८ ऑगस्ट

सेकंडहँड वस्तू घेताना काय तपासायचे, ती यादी. दुकानात जाताना सोबत स्वतःचे मेमरी कार्ड, छोटा टॉर्च आणि लॅपटॉप.

शटर काउंट (आजवर किती फोटो काढले): निकॉनमध्ये फोटोच्या एक्झिफमध्येच (फाइलसोबत साठणाऱ्या माहितीत) आकडा असतो. स्वतःच्या कार्डावर एक फोटो काढायचा, लॅपटॉपवर उघडायचा. या वर्गातल्या बॉडीचे शटर साधारण एक लाख क्लिकचे धरतात. ३०,००० पर्यंत निश्चिंत, ६०,००० वर भाव पाडायचा. लग्नाच्या दोन सीझनांतून निघालेली बॉडी बाहेरून चकचकीत असते, आकडा मात्र बोलतो.

सेन्सर: एफ/१६, आयएसओ १००, फोकस मुद्दाम हुकवून पांढऱ्या भिंतीचा फोटो. काळे-करडे ठिपके म्हणजे धूळ, ती ब्लोअरने जाते. कडा तेलकट, वर्तुळाकार असतील तर शटरचे वंगण उडालेले. ते ब्लोअरने जात नाही. मग झाकण लावून ३० सेकंदांचा फोटो, रंगीत ठिपके किती ते मोजायला.

लेन्स: मागून टॉर्च, पुढून डोळा, अॅपर्चर (लेन्समधले छिद्र) पूर्ण उघडे. निकॉनच्या या लेन्स कॅमेऱ्याबाहेर असल्या की पाती मिटलेली राहतात. मागची छोटी तरफ बोटाने सरकवून धरली की उघडतात. तरफ सोडली की पाती झटकन मिटायला हवीत. आळसावून मिटली तर पात्यांना तेल लागले आहे. धुळीचे चार कण असले तरी चित्रात काही दिसत नाही. बुरशी वेगळी: काठाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे, फांद्या फुटलेले पांढरे तंतू. धुरकट पडदा सर्वत्र सारखा दिसत असेल तर ते हेझ, आणि त्याने बाजूच्या प्रकाशात सगळा कॉन्ट्रास्ट जातो.

शिवाय हॉट शूच्या पट्ट्या झिजल्या आहेत का, कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का, स्क्रीनच्या बिजागरीची वायर (पूर्ण फिरवताना चित्र लुकलुकते का), बॅटरी फुगून खोबणीत अडकते का.

२५ ऑगस्ट

मुंबईत फोर्टच्या बोराबाजारात आणि पुण्यात मिळून चार डी५३०० पाहिले. एकाचा काउंट ८१,०००, एकाच्या स्क्रीनची वायर गेलेली. तिसरा चांगला, पण सोबतची ३५ मिमी बुरशीची. काठावरून सुरू झालेले तंतू टॉर्चमध्ये स्पष्ट. 'साफ करून देतो' असा आग्रह झाला, नाकारला. बुरशी पुसता येते, पण तिने सोडलेल्या आम्लाने कोटिंगवर पडलेले व्रण तसेच राहतात, आणि त्याच डब्यात दुसरी लेन्स ठेवली तर तिलाही लागण होण्याचा धोका. किनारपट्टीवर दोन पावसाळे पिशवीत काढलेली लेन्स कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

चौथा घेतला. काउंट १९,४००, सोबत १८–५५ व्हीआर २ (व्हीआर म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय), अस्सल चार्जर, १८,८०० रुपये. ही १८–५५ एएफ-एस आहे, त्यामुळे फर्मवेअरची भानगड नाही, आणि व्हीआर बंद करायचे बटण लेन्सवरच. ट्रायपॉडवर ते बंदच ठेवायचे. वापरात नसताना लेन्स आत दुमडते. बटण दाबून बाहेर काढल्याशिवाय कॅमेरा फोटो घेत नाही. नवख्यांचा पहिला 'कॅमेरा बिघडला' हाच असेल.

१ सप्टेंबर

३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स, दुसरीकडून, ८,५०० रुपये. हिच्यावर वाद झाला आणि तो रास्त होता. तपशिलासाठी तिची गरज नाही: १८–५५ व्हीआर २ ही लेन्स ५५ वर २८ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि प्रतिमा वास्तवाच्या ०.३ पट पडते. ३५ प्राइम ३० सेंटिमीटरवर फक्त ०.१६ पट देते. ३५ घेतली ती गाभाऱ्यासाठी. तिथे फ्लॅश चालत नाही, बऱ्याचदा ट्रायपॉडलाही जागा नसते. त्याच फोकल लांबीवर किट लेन्स साधारण एफ/४.५ देते, ही एफ/१.८, म्हणजे सुमारे पावणेतीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). जिथे १/१० सेकंद लागले असते तिथे १/६० मिळते. गाभाऱ्याचे काम नसलेल्यांनी हे पैसे वाचवावेत.

१५ सप्टेंबर

फ्लॅश: गोडॉक्स टीटी६००, ५,६०० रुपये. पूर्ण मॅन्युअल. टीटीएल (शक्ती आपोआप ठरवायची सोय) नाही, आणि आपल्याला नकोच. दगडाचे अंतर बदलत नाही, शक्ती एकदा ठरली की ठरली.

ट्रिगरचे पैसे वाचवायचा प्रयत्न केला. टीटी६०० मध्ये ऑप्टिकल स्लेव्ह (एस१) आहे, डी५३०० चा स्वतःचा पॉप-अप फ्लॅश मॅन्युअलवर १/३२ पर्यंत खाली येतो. तो चमकला की दूरचा पेटतो. घरात चालले. अंगणात उन्हात तीनपैकी एकदाच पेटला, कारण फ्लॅशवरच्या सेन्सरला उन्हात तेवढी चमक वेगळी कळत नाही. आणि मुख्य अडचण: पॉप-अपचा समोरचा प्रकाश, १/३२ असला तरी, जवळच्या फोटोत खोदाईच्या सावल्या भरून टाकतो. ज्यासाठी खटाटोप, तेच पुसले जाते. एक्स२टी-एन ट्रिगर घेतला, ४,३०० रुपये. टीटी६०० मध्ये रिसीव्हर आतच असल्याने दुसरा तुकडा लागत नाही. दोन्हींवर चॅनल आणि गट तोच हवा. फ्लॅश पेटत नाही अशा दहा तक्रारींपैकी नऊ इथल्याच असतात.

२२ सप्टेंबर

उरलेली खरेदी. ट्रायपॉड ३,४००. स्वस्त ट्रायपॉडची कमजोरी मधल्या दांड्यात असते: तो वर काढला की कॅमेरा डुलतो. दांडा पूर्ण खाली, पाय रुंद, मधल्या आकड्याला दगड भरलेली पिशवी, जमिनीला जेमतेम टेकेल अशी. लोंबकळत ठेवली तर वाऱ्यात तीच डुलते. ६४ जीबी कार्ड ९००, जादा बॅटरी १,२५०, चार एए रिचार्जेबल सेल चार्जरसकट १,४५०, ब्लोअर ३००, हवाबंद डबा आणि सिलिका जेल ३५०.

एकूण ४४,८५०.

डब्याबद्दल: सिलिका जेलचे दाणे रंग बदलणारे घ्यावेत, म्हणजे ओल भरली की कळते. तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. तांदळात लेन्स ठेवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने ओल नाममात्र ओढली जाते आणि भुकटी मात्र झूम रिंगमध्ये शिरते.

२० ऑक्टोबर

पहिली क्षेत्रचाचणी. मारुतीच्या देवळामागे ओळीने पाच वीरगळ. गावकऱ्यांना विचारून, कशालाही हात न लावता. पाणी ओतणे, खडूने अक्षरे भरणे, शेंदूर खरवडणे पूर्ण बंद. अक्षर दिसत नसेल तर प्रकाश बदलायचा. (संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. गावातल्या उघड्या शिळांना तो प्रश्न नसतो, पण पाटलांना किंवा पुजाऱ्यांना सांगितल्याशिवाय स्टँड उभा करू नये.)

मांडणी: कॅमेरा शिळेच्या मध्याच्या उंचीवर, तिला समांतर. वरून खाली झुकवला तर शिळा वर रुंद, खाली निमुळती दिसते. आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, शटर १/२००. यापेक्षा वेगवान शटर ठेवले तर फ्रेमच्या एका कडेला काळी पट्टी येते. एफ/१६ च्या पुढे चित्र मऊ पडते.

भर उन्हात एफ/११, १/२००, आयएसओ १०० हेच उन्हाचे बरोबर एक्स्पोजर आहे. म्हणजे फ्लॅश उन्हाशी भांडत बसतो आणि सावल्या दोन दिशांना पडतात. उपाय साधा: दोघांनी जाड चादर ताणून शिळेवर सावली करायची. सावलीत उजेड तीन-एक स्टॉप उतरतो आणि फ्लॅशचे राज्य सुरू होते. चादर पांढरी किंवा करडी हवी. पहिली लाल निघाली. पाचही शिळा गुलाबी.

शक्तीचा अंदाज चुकला होता. घरच्या चाचणीत समोरून २ मीटरवर १/४ शक्ती एफ/११ ला पुरली. तोच फ्लॅश शिळेच्या पृष्ठभागाशी १५ अंशांवर आणला तर तेवढ्याच अंतरावरून दगडावर चौथाईच उजेड पडतो, दोन स्टॉप कमी. म्हणजे पूर्ण शक्ती. पूर्ण शक्तीवर सेल लवकर उतरतात आणि फ्लॅश तापतो, दोन फोटोंमध्ये दहा सेकंद मोजायचे. नाहीतर सरळ एफ/८ वर यायचे. सपाट शिळेला ते पुरते, आणि शक्ती निम्म्यावर येते.

दुसरी अडचण: फ्लॅशकडची कडा जळालेली, पलीकडची काळी. शिळा ६० सेंमी रुंद. फ्लॅश जवळच्या कडेपासून १ मीटरवर ठेवला तर पलीकडची कडा १.६ मीटरवर, उजेड अडीच पटींनी कमी. ३ मीटरवर नेला तर फरक दीड पटीच्याही आत येतो, जो रॉ फाइलमध्ये सहज सावरता येतो. म्हणजे फ्लॅश लांब न्यायचा, शक्ती वाढवायची आणि त्याचा झूम १०५ वर ठेवायचा, म्हणजे प्रकाश विखुरत नाही. स्टँड घेतलेला नाही. फ्लॅश काठीला बांधून एक जण धरतो, आणि कोन बदलायला तेच सोपे पडते.

कातळ काळा असल्याने मॅन्युअल नसेल तेव्हा कॅमेऱ्याचे मीटर फसते: काळ्याला करडे करू बघते. म्हणून एक्स्पोजरला −०.७ भरपाई. शिळेशेजारी रंगासाठी करडे कार्ड आणि मापासाठी १० सेंमीची काळी-पांढरी पट्टी प्रत्येक फ्रेममध्ये.

१० नोव्हेंबर

शिलालेखाची चाचणी. इथे एक गोष्ट नीट उमगली.

खोदलेल्या रेघेला सावली पडते ती प्रकाश तिला आडवा आला तर. रेघेच्या दिशेनेच प्रकाश आला तर खाच दोन्ही काठांपर्यंत उजळते आणि दिसेनाशी होते. नागरी अक्षरात काना उभा, शिरोरेषा आडवी. डावीकडून फ्लॅश मारला तर काने, दंड ठसठशीत उठतात आणि शिरोरेषा विरते. वरून मारला तर शिरोरेषा येते, काने जातात. एका फोटोत 'प' वाचला गेला तो दुसऱ्या फोटोत 'य' निघाला, कारण डावीकडची वळणाची आडवी खोदाई पहिल्यात नव्हतीच. म्हणून प्रत्येक ओळीचे किमान चार फोटो: डावीकडून, वरून, आणि दोन्ही वरच्या कोपऱ्यांतून तिरके. कॅमेरा, फोकस, अॅपर्चर तसूभरही हलवायचे नाही. फोकस एकदा ऑटोवर जमवून मॅन्युअलवर टाकायचा, नाहीतर प्रत्येक क्लिकला तो नव्याने शोधतो आणि चौकटी एकमेकींवर बसत नाहीत.

फ्लॅश नसताना नैसर्गिक प्रकाशातही हेच. दक्षिणेकडे तोंड असलेली शिळा सकाळी किंवा संध्याकाळी घ्यावी, ऊन बाजूने घासून जाते. उत्तरेकडे तोंड असेल तर हिवाळ्यात तिच्यावर ऊन येतच नाही, फ्लॅशच हवा.

शेंदूर लावलेल्या शिळा अजून सुटलेल्या नाहीत. शेंदराचा तेलकट थर चकाकतो, आणि त्या चकाकीत खालचे कोरीव काम बुडते. कोन १५ ऐवजी ३० अंश केला तर चकाकी सरकते पण उठाव कमी होतो. सध्या दोन्ही कोनांचे फोटो घेतो.

२४ नोव्हेंबर

जीपीएस: उघड्यावर स्थान मिळायला कधी कधी मिनिटभर जाते, आयकॉन लुकलुकायचा थांबल्याशिवाय पहिला फोटो घेऊ नये. दाट वडाखाली मिळालेच नाही. बॅटरी लक्षणीय लवकर उतरते, म्हणून गावात पोचल्यावर चालू, निघताना बंद. जादा बॅटरीचे १,२५० तिथेच वसूल झाले.

एफ/११ च्या सगळ्या फोटोंत उजव्या वरच्या कोपऱ्यात एक करडा ठिपका. मेनूतून सेन्सर साफ केला, गेला नाही. बॅटरी पूर्ण भरून, आरसा वर करून, कॅमेरा उलटा धरून ब्लोअरचे चार फटके, गेला. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचा डाग ब्लोअरने निघत नाही.

पुढच्या फेरीआधी: कार्ड दोन ठिकाणी उतरवणे, करड्या चादरीला कोपऱ्यांत नाड्या शिवणे, फ्लॅशच्या सेलचा दुसरा जोड. मुंबईत एकसरला नौकायुद्ध कोरलेले वीरगळ माणसाच्या उंचीहून बरेच मोठे आहेत. तिथे समोर किती जागा आहे ते आधी टेपने मोजून यायचे, मगच लेन्स ठरेल.